फुलीचे कापड

ती घटना मी विसरलो असतो, तर उतारवयातली माझी झोप जरा बरी झाली असती. पण ती आजही आठवते, आणि आठवते ती अगदी त्या दिवशी स्टेशन डायरीत मी काय लिहिले तिथपासून. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गंजी जाळणारे पाहिले. त्यांतले कोण सुटले आणि कोण अडकले याचे मला आता काही वाटत नाही. या प्रकरणात तपास मी चोख केला होता, वरून शाबासकीही मिळाली होती. म्हणूनच ते सांगावेसे वाटते. माणसांची व गावाची नावे मात्र सांगणार नाही.

साहेबाच्या राज्यातली ही गोष्ट, तीसच्या पुढच्या सालांतली. मी नवा फौजदार होतो आणि सोलापूरच्या दक्षिणेला, भीमेच्या अलीकडच्या एका ठाण्यावर माझी नेमणूक होती. त्या पट्ट्यात माणूस एक वाक्य मराठीत सुरू करतो आणि कानडीत संपवतो. मला कानडी येई ती पाणी मागण्यापुरती आणि शिव्या ओळखण्यापुरती. त्यामुळे माझी सारी भिस्त जमादारांवर. ते वयाने माझ्या वडिलांएवढे, त्याच मुलखातले, आणि मला 'रावसाहेब' म्हणत. हाताखालचा माणूस वयाने आणि अकलेने मोठा असला की तरुण अधिकारी एकतर शिकतो, नाहीतर ताठ होतो. मी ताठ झालो होतो.

आमच्या हद्दीत एक विमान उतरण्याचे रान होते. त्या काळी टपाल घेऊन आणि बड्या लोकांना घेऊन लहान लहान विमाने देशभर जाऊ लागली होती. वाटेत इंजिन बिघडले तर उतरायला जागा असावी म्हणून सरकारने मधे मधे अशी राने घेऊन ठेवली होती. आमचे रान म्हणजे रोलर फिरवून घट्ट केलेली काळी जमीन, चार कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा, मधोमध चुन्याचेच एक मोठे वर्तुळ आणि वारा कुठला ते दाखवायला खांबावर टांगलेली कापडी थैली. वर्षाकाठी एखाददुसरे विमान उतरायचे. लोक त्याला 'इमानाचं रान' म्हणत.

त्याच्यावर एक चौकीदार होता. ज्यांच्या जमिनी त्या रानात गेल्या त्यांतलाच एक. वय पस्तीसच्या आसपास, अंगाने वाळका, बोलायला कमी. गुरे हाकलायची, भेगा बुजवायच्या, चुना मारायचा, हे त्याचे काम. आणखी एक काम होते, आणि ते महत्त्वाचे. त्याच्या खोपटातल्या पेटीत मांजरपाटाच्या दोन लांब पांढऱ्या पट्ट्या ठेवलेल्या असत. पावसाने जमिनीत दलदल झाली, किंवा दुसऱ्या कशाने रान उतरायला धोक्याचे झाले, तर त्या दोन पट्ट्या वर्तुळाशेजारी फुलीसारख्या पसरायच्या आणि आठ लोखंडी खुंट्या ठोकून त्यांना टोके बांधायची. वरून फुली दिसली की विमानवाल्याने समजायचे, इथे उतरायचे नाही.

आता येळवशीबद्दल सांगायला हवे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला त्या भागात गावात माणूस सापडत नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांची पूजा, भज्जी, उंडे, ताक-ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य, रानाभोवती आंबील शिंपडायची आणि मग पंगत. आपल्या पंगतीला शेजाऱ्याला बोलवायचे आणि आपण त्याच्या पंगतीला जाऊन यायचे, अशी रीत. ठाण्याला तो दिवस सुटीसारखाच. भांडणारे दोघेही एकमेकांच्या बांधावर जेवत असतात, मग फिर्याद द्यायला येणार कोण?

त्या येळवशीला दुपारी गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला आणि म्हणाला, "सायेब, इमान उलटं झालंय. एक मानूस गेला."

आम्ही पोहोचलो तेव्हा ते दोन पंखी विमान चाके वर करून पडलेले होते. पेट्रोलचा वास दूरपर्यंत येत होता. चालवणारा गोरा साहेब बाहेर काढून लिंबाखाली बसवला होता, त्याचा पाय मांडीपासून मोडला होता. पुढच्या बैठकीवर बसलेला मेकॅनिक जागीच ठार झाला होता. पुण्याकडचा, पंचविशीतला मुलगा. हातांना अजून काळे तेल होते.

रानाच्या दक्षिण बाजूला, आतल्या अंगाला, एक खोप मोडून पडलेली होती. कडबा पंख्यात गुंडाळला गेला होता. पाच दगडांपैकी दोन दूर उडालेले, आणि एकावर रबराचा काळा पट्टा उमटलेला. कडेच्या लिंबाखाली पंगत उधळलेली होती. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. सगळा गाव विमानाभोवती जमला होता. चौकीदार तेवढा एकटाच लांब वर्तुळापाशी उभा होता. तो विमानाकडे बघत नव्हता, खाली जमिनीकडे बघत होता. मी ते टिपले आणि मनाशी म्हटले, हा गुन्हेगाराचा चेहरा आहे. नव्या फौजदाराला चेहरे फार लवकर वाचता येतात.

पंचनामा मी स्वतः लिहिला. दोन पंच उभे केले, पावले टाकून अंतरे मोजली, काही सोडले नाही. दगड पाच, पैकी एकावर रबराची खूण. मोडलेली खोप. वर्तुळाच्या पूर्वेस जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्या, नग आठ. चौकीदाराच्या खोपटात पेटी, तिच्यात घडी केलेल्या कापडी पट्ट्या, नग दोन. दगड आणि पट्ट्या मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. दोन पानांचा तो पंचनामा माझ्या टपोऱ्या अक्षरात अजून कुठेतरी दप्तरात पडला असेल.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या इस्पितळात जाऊन साहेबाचा जबाब घेतला. इंजिन मधेच खोकू लागले होते, पण सोलापूरच्या मैदानापर्यंत ओढत नेता आले असते, असे तो म्हणाला. खाली हे रान दिसले, चुन्याच्या खुणा स्वच्छ होत्या, फुली नव्हती, म्हणून उतरायचे ठरवले. वाळलेल्या गवतात कडब्याची खोप त्याला वेगळी दिसली नाही. कडेला माणसे जेवताना दिसली. एक माणूस हात हलवत धावत येताना दिसला, पण खेड्यात विमान बघून लोक धावतातच, त्याचे त्याने मनावर घेतले नाही. शेवटी तो म्हणाला, "फुली असती तर मी पुढे गेलो असतो." हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केले.

मेकॅनिकचे वडील आगगाडीने आले. शाळामास्तर असावेत असे वाटले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कोटाची सगळी बटणे लावलेली. प्रेत ताब्यात घेतल्याची सही करताना त्यांनी मला विचारले, "त्याला काही कळलं का हो?"

"नाही," मी म्हटले. "एका क्षणात झाले."

"त्याची आई घरी आहे," ते म्हणाले. "तिला सांगायला काहीतरी पाहिजे."

तिसऱ्या दिवशी खबर आली. चौकीदाराचाच एक भाऊबंद, ठाण्यातली गर्दी ओसरेपर्यंत पायरीवर बसून राहिला आणि मग आत आला. "सायेब, माजं नाव कुटं यायला नको," हे त्याचे पहिले वाक्य. मग त्याने सांगितले की रान गेल्यापासून चौकीदार जळत होता, 'एकांदं इमान पाडून दावतो' असे बोलला होता, आणि सोलापुरात गांधीटोपीवाल्यांच्या सभेला जाऊन आला होता. मी त्याला पुन्हा सांगायला लावले. त्याने तेच, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने सांगितले. खरे पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी गाळतो, काहीतरी नवे आठवतो. पाठ केलेलाच तंतोतंत सांगतो. हे मला तेव्हाही ठाऊक होते. चौकीदाराची जागा या गड्याला हवी होती, हेही जमादारांनी मागाहून सांगितले.

पण पुढच्याच टपालाने सुपरिंटेंडेंट साहेबांचे पत्र आले. सोलापुरात मार्शल लॉ होऊन फार वर्षे झाली नव्हती. साहेबांना प्रत्येक झाडामागे टोपी दिसे. हा अपघात की घातपात, याचा सखोल तपास व्हावा, असे पत्रात होते. साहेबाला हवे ते हुडकायचे नाही एवढा मी शहाणा नव्हतो. चौकीदाराला मी अटक करून कोठडीत टाकला.

दोन दिवस त्याची तपासणी चालली.

"दगड कुणी मांडले?" मी विचारले.

"मी मांडले, सायेब."

"विमानाच्या रानात?"

"ते आमचंच रान व्हतं की. माज्या बाच्या बापापासनं पांडव तितंच बसत्यात. रान गेल्यावर दोन वर्सं बांधावर मांडले. पयल्या वर्सी बैल गेला. दुसऱ्या वर्सी धाकटा भाऊ गेला. अव्वा म्हनली, जागा मोडली म्हनून झालं समदं."

अव्वा म्हणजे आई. तिने यंदा हट्टच धरला होता. दुपारची पंगत होईपर्यंतच मांडतो, मग सगळे उचलतो, असे म्हणून याने मान तुकवली होती.

"घातपात करायला मांडले."

"इमान पाडून मला काय रान परत मिळनार हाय का, सायेब?"

मी म्हटले, "मग फुली का टाकली नाहीस?"

इथे तो गप्प झाला. बाकी कशालाही तो उत्तर द्यायचा, या एका प्रश्नाला नाही. मी पुन्हा पुन्हा तोच विचारला. दिवसभर उभा ठेवला. दुसऱ्या दिवशी जमादारांनी हात उगारला. मी स्वतः मारले नाही हे मी पुढे अनेकांना अभिमानाने सांगितले आहे, पण उगारलेला हात मी धरलाही नाही. दुपारी कधीतरी तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "इसरलो."

"काय विसरलास?"

"फुली टाकायची. इसरलो, सायेब. मॅजिस्ट्रेटासमोर बी हेच सांगतो. काय शिक्षा हाय ती द्या."

मला बरे वाटले. घातपात नाही, पण निष्काळजीपणाने मरण आणले एवढे तरी पक्के झाले. वर्ष-दोन वर्षांची सजा ठरलेली.

कागद वर पाठवायचे म्हणून मी पंचनाम्याची नक्कल करायला बसलो. कारकुनाने करायचे काम, पण माझ्या अक्षराचा मला गर्व होता. लिहिता लिहिता 'लोखंडी खुंट्या, नग आठ' इथे आलो आणि टाक थांबला. त्या खुंट्यांचा दुसरा काही उपयोगच नव्हता. त्या ठोकायच्या फक्त फुलीसाठी. जो माणूस फुली टाकायची विसरला, त्याच्या आठही खुंट्या जमिनीत कशा? पाच दिवस हा पुरावा माझ्याच अक्षरात माझ्याच टेबलावर पडून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

जमादारांना हाक मारली. मुद्देमालाची खोली उघडून त्या पट्ट्या आवारात उन्हात उलगडल्या. पहिली कोरी होती, फक्त कुसळे चिकटलेली. दुसरीवर मात्र ओळीने पिवळे तेलाचे डाग होते, एकेका हाताच्या अंतरावर एक. मधे मधे वाटीच्या बुडाचे गोल, आणि वाळून पापुद्रा झालेले पांढुरके थेंब. जमादारांनी वाकून वास घेतला.

"आंबील हाय," ते म्हणाले. "ह्याच्यावर पंगत बसली व्हती, रावसाहेब."

चौकीदाराला बाहेर आणून त्या कापडापुढे उभे केले. दोन दिवसांत त्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. कापड बघून त्याने माझे पाय धरले.

"मीच उचललं म्हनून लिवा, सायेब."

"तू उचलले नाहीस. तू टाकली होतीस. कुणी उचलले?"

पाय न सोडता तो म्हणाला, "अव्वानं."

मग सगळे बाहेर आले. पांडव मांडायच्या आधी त्याने नियमाप्रमाणे फुली पसरली होती, आठही खुंट्या ठोकल्या होत्या. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, आणि रीतीप्रमाणे तो शेजारच्या रानात पंगतीला गेला. तिथे घास हातात असताना त्याने विमानाचा आवाज ऐकला. तरी तो निर्धास्त होता, फुली होती ना. मग विमान खाली येताना दिसले आणि तो हात हलवत धावला. वर्तुळापाशी नुसत्या खुंट्या होत्या, आणि लिंबाखाली बायका त्याच्या फुलीवर बसून जेवत होत्या. अपघातानंतरच्या गोंधळात त्याने कापड ओढून, घडी करून पेटीत टाकले. खुंट्या उपटायला गेला तोवर लोक जमले होते.

"तिला ठावं न्हाय, सायेब," तो म्हणाला. "ते कापड कशापायी असतंय ते मी घरात कदी सांगितलंच न्हाय. सरकारी कामातलं बायामानसांना काय सांगायचं? पावसात मी ते टाकतो तवा तिकडं कुनी फिरकत बी न्हाय. तिनं कदी बघितलंच नव्हतं. तुमी मला जेलात घाला. वर्स घाला, दोन वर्स घाला. पर तिला कळू देऊ नगा."

मला त्याची दया आली हे खरे. पण खोटे कशाला सांगू, त्याहून जास्त आनंद झाला. कोडे सुटले होते आणि ते मी सोडवले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे अधिकारी मी पाहिले होते, त्यांतला मी नव्हे, हे मला सिद्ध करायचे होते. मी त्याला म्हटले, "वेडा आहेस. यात तुझी सुटका आहे." जमादार पट्ट्यांची घडी घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांना घेऊन मी त्याच्या घरी गेलो. म्हातारी ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. साठीच्या पुढची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हात मोठाले आणि कामाचे. आम्हाला बघून तिने गूळपाणी दिले. लेकाच्या सुटकेची बातमी घेऊन आलोय असे तिला वाटले असावे, कारण तिने मला दोन्ही हात जोडले.

मी कापडाचे विचारले. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"ते व्हय? ते मीच काडलं की, यप्पा. सनाच्या दिशी रानात पांढरं कापड पसरलेलं, मढ्यावर घालत्यात तसं. लक्षुमीनं यायचं कुटनं? आन् एवडं चांगलं मांजरपाट मातीत. पोराला काय कळतंय? मग घडी केली, आन् पंगतीला एक पट्टी आंथरली. बायका लई खूस झाल्या. धुवून ठेवनार व्हते, तवर ते इमान आलं."

मी शब्द न् शब्द लिहून घेतला. पोलिसापुढच्या जबाबावर कायद्याने सही-अंगठा घेत नाहीत. पण लिहिलेला जबाब देणाऱ्याला वाचून दाखवायची माझी सवय होती, म्हणजे उद्या कोर्टात कुणी फिरणार नाही. ही फार चांगली सवय आहे असे मी सगळ्यांना सांगत असे. मी कागद सरळ केला. जमादारांनी माझी बाही धरली.

"रावसाहेब, वाचायचं ऱ्हाऊ द्या."

"का?"

"म्हातारं मानूस हाय."

मी बाही सोडवून घेतली आणि वाचू लागलो. 'सदरहू कापड हे रान उतरण्यास धोक्याचे आहे असे विमान चालविणारास कळावे म्हणून पसरलेले होते, हे मला माहीत नव्हते. ते मी काढून घेतल्याने त्यास धोक्याची खूण दिसली नाही.' ही वाक्ये तिची नव्हती. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून ती मी घातली होती.

आमची सरकारी मराठी तिला समजली नाही. तिने जमादारांकडे बघितले आणि विचारले, "काय म्हनत्यात?"

जमादारांनी माझ्याकडे बघितले. अजूनही वेळ होती. मी मान हलवली, सांगा म्हणून.

त्यांनी जमिनीकडे बघत कानडीत तीन-चार वाक्ये सांगितली. मला एकही कळले नाही. सूप तिच्या हातात होते, त्यातली ज्वारी हलायची थांबली. रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि पार पुढे निघून गेली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने मराठीत विचारले, "त्या पोराला आई हाय का?"

मला ते कोटाची सगळी बटणे लावलेले वडील आठवले. मी म्हणालो, "आहे."

तिने सूप खाली ठेवले आणि ती आत गेली. आम्ही थोडा वेळ थांबलो, मग उठलो. वाटेत जमादार माझ्यापुढे दहा पावले चालत होते. एरवी ते कधी माझ्यापुढे चालत नसत.

पुढचे कागदोपत्री सगळे सरळ झाले. मॅजिस्ट्रेटसाहेब समंजस होते. म्हातारीने जाणूनबुजून काही केले नाही, तिच्यावर गुन्हा नाही. चौकीदाराने रानात दगड मांडले ही चूक, पण धोक्याची खूण त्याने केली होती, म्हणून त्याला सोडला. नोकरी गेली, तेवढेच. खबर देणाऱ्या भाऊबंदाला जमादारांनी ठाण्याच्या पायरीवरून हाकलला. सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात दोन ओळींचा शेरा मारला, 'बारीकसारीक पुराव्याकडे लक्ष देणारा अधिकारी'. तो शेरा पुढे बढतीला उपयोगी पडला.

म्हातारीचे जमादारांकडून कळे. लेक सुटून घरी आला तेव्हा तिने त्याची दृष्ट काढली. कुणाला काही बोलली नाही, रडली नाही. घरातले सगळे काम करायची. फक्त जेवायला बसली की घास हातात घ्यायची आणि परत ताटात ठेवायची. सुनेने भरवून पाहिले, वैद्याला आणले, जंगमाकडून विभूती आणली. शिमग्याच्या आधी ती गेली.

खटला निकाली निघाला की मुद्देमाल ज्याचा त्याला परत करायचा असतो. पट्ट्या सरकारी, त्या विमान खात्याकडे गेल्या. पाच दगड राहिले. मी चौकीदाराला समन्स पाठवले. चैत्रात एका दुपारी तो आला. मी दगड त्याच्यापुढे ठेवायला लावले. एकावरचा काळा पट्टा तसाच होता.

"आईचं कळलं," मी म्हणालो. "वाईट झालं."

"तुमी माजं भलंच केलंत, सायेब. समदे तसंच म्हनत्यात." तो दगडांकडे बघत होता. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. "पर मी तुमच्यापासनं काय लपवतच नव्हतो. मी तिच्यापासनं लपवत व्हतो."

रजिस्टरात त्याने 'माल मिळाला' यापुढे अंगठा दिला, माझे रजिस्टर अपुरे राहू नये म्हणून. दगड मात्र नेले नाहीत. "हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "आता मांडायला लावनारं कोन न्हाय."

पोलीस ठाण्याच्या आवारात वाटेच्या दोन्ही अंगांना चुना मारलेले दगड मांडायची पद्धत आहे. त्या साली तपासणीच्या आधी शिपायांनी साफसफाई काढली आणि हे पाच चांगले गोल दगड बघून फाटकापाशी मांडले, वरून पांढरा हात मारला. काळा पट्टा चुन्याखाली गेला. त्यांना काही ठाऊक नव्हते आणि मी काही बोललो नाही. बदली होईपर्यंत मी रोज त्यांच्या शेजारून आत जायचो.

पुढे मी नव्या फौजदारांना शिकवायचो, तेव्हा या प्रकरणातला खुंट्यांचा भाग हमखास सांगायचो. आपलाच पंचनामा दोनदा वाचा, म्हणायचो. पोरे मान हलवायची, कुणी लिहून घ्यायची. दुसरा धडा मी कधी सांगितला नाही, तो इथे सांगतो. माणूस गप्प बसला की तो पोलिसांपासून काही लपवतोय असे आपण धरून चालतो. तो कुणापासून लपवतोय, हे आधी विचारावे. आणि हाताखालच्या वयस्कर माणसाने बाही धरली, तर थांबावे.

तिचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. नोकरीत मी कितीतरी खोटे बोललो. आरोपींशी बोललो, साहेबांशी बोललो, एकदोनदा कोर्टातही बोललो, आणि त्यातल्या कशाचा मला पश्चात्ताप नाही. त्या ओसरीवर मात्र मी खरे बोललो.